फजितीचा दुसरा भाग

६ जानेवारी १९३५, रविवार

बाजारात तिघांनी अडवलं. तिघांचा प्रश्न एकच, "कंपाउंडर, दुसरा भाग कधी?"

गणपतीत केलेली 'हवालदारांची फजिती' लोक अजून विसरलेले नाहीत. दवाखान्यात बाटली भरून द्यायला लागलो की म्हाताऱ्या माझ्या तोंडाकडे बघून हसतात. खोकला राहतो बाजूला.

दुपारी डॉक्टरांकडे मुंबईचे पाहुणे होते. मला मुद्दाम बाहेर बोलावलं. "हे आमचे कंपाउंडर. नाटककार आहेत." मग स्वतःच ती जागा करून दाखवली. दोन्ही हवालदार चुकून स्वतःलाच कोठडीत कोंडून घेतात, किल्ली चोराच्या हातात, आणि थोरला हवालदार गजांतून चोराला सांगतो, "जाताना भायेरची कडी लाव रं, वारं येतंय."

पाहुणे खो खो. "काय सुचलंय हो तुम्हाला!"

मी मान लववली. वाक्य माझं नाही. माझ्या वहीत तिथे 'हवालदार निराश होऊन बसतो' एवढंच आहे. ते थोरल्या हवालदाराचं काम करणाऱ्या औंढ्याच्या धोंडिबाचं. ऐन वेळी बोलला. मी चोर झालो होतो, मलाच हसू आवरेना, पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो.

डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पाहुण्यांदेखत बरं दिसलं नसतं. पुढे सांगेन.

९ जाने.

दुसरा भाग सुरू. नाव 'पुन्हा हवालदारांची फजिती'. नाव लिहिलं, खाली रेघ मारली. दवाखाना उघडायची वेळ झाली.

११ जाने.

रेघेखाली अजून काही नाही.

१४ जाने., संक्रांत

गोपाळ शिंपी तिळगूळ द्यायला आला. पहिल्या भागातला धाकटा हवालदार तो. "या वेळी माझी पगडी मोठी करा," म्हणाला. पगडी तोच शिवतो, मी काय मोठी करणार. त्याला म्हणायचं होतं भूमिका. बरं म्हटलं.

धोंडिबा दवाखान्याला लागून असलेल्या आमच्या घरी दूध घालायला आला तेव्हा त्यालाही सांगितलं. पन्नाशी उलटलेला माणूस, औंढ्याहून चालत येतो. नाटक म्हणजे काय हे गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. वाचता येत नाही. गोष्ट सांगितली की तो आपल्या मनाने बोलतो.

"भाऊ, दुसरा भाग करायचा."

"का? पयल्यात काय ऱ्हायलं का?"

सौ. आतून हसली. मला हसू आलं नाही.

१८ जाने.

पुण्याच्या एका साप्ताहिकात आपल्या फार्सवर चार ओळी! कुणी पाहुणा बघून गेला होता, त्याने आता लिहिल्या. दवाखान्यातच वाचल्या. 'थोरल्या हवालदाराचे काम करणाऱ्या शेतकऱ्याने प्रेक्षकांची हसवून पुरेवाट केली. असा नट पुण्यातही विरळा.' पुढे पडद्याबद्दल एक वाक्य. लेखकाबद्दल... नाही. दोनदा वाचलं. नाही.

धोंडिबाला वाचून दाखवायचं होतं. कागद घडी करून खिशात ठेवला. उद्या.

१९ जाने.

विसरलो. (विसरलो नाही.)

२२ जाने.

सकाळी दहाला पोलीस शिपाई दवाखान्याच्या दारात. "कंपाउंडर कोण? फौजदारसाहेबांनी बोलावलंय." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. रांगेतल्या दोन पेशंटांनी रांगच सोडली.

ठाण्यापर्यंत जाताना पहिल्या भागातलं एकेक वाक्य आठवत होतो. पोलीस चोरालाच चोराचा पत्ता विचारतात. शिट्टी फुंकायची म्हणून चिलीम फुंकतात. कुठलं कलम लागेल?

फौ. साहेबांनी दार लावून घेतलं. चहा मागवला. मग उठले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गजांसारखी धरली आणि म्हणाले, "जाताना भायेरची कडी लाव रं!" आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी. दोनदा बघितला म्हणे फार्स.

मग डोळे पुसून गंभीर झाले. "एक विनंती आहे. माझा एक हवालदार आहे. तेवीस वर्षं नोकरी, एक डाग नाही. बाजारात गेला की लोक ओरडतात, वारं येतंय, वारं येतंय. परवा घरी बायकोनेही विचारलं, कडी लावू का म्हणून. दोन दिवस जेवला नाही माणूस. दुसऱ्या भागात शेवटी त्यांच्या हातून चोर पकडा. एवढंच करा."

दरडावले असते तर नाही म्हणता आलं असतं. निदान तसं वाटून घेता आलं असतं. विनंतीला काय करणार?

निघताना म्हणाले, "आणि नाव बदला. फजितीच्या ऐवजी फत्ते. 'हवालदारांची फत्ते'. अक्षर तेच राहतं."

२७ जाने., रविवार

लेखणी सुसाट. चार प्रवेश झाले. मुंबईवाल्यांच्या बंगल्यातला हरवलेला कुत्रा, एक कोर्टाचा देखावा, नागरिकांच्या कर्तव्यावर एक पद. शेवटी चोराला पश्चात्ताप होतो. चोर मीच. पश्चात्तापाचं भाषण अडीच पानं आलंय. मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

सौ.ला सगळं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. निवडून झाले तरी सुपाकडे बघत होती.

"कसं आहे?"

"चांगलं आहे. हसू कुठे यायचं तेवढ्या जागा सांगून ठेवा, म्हणजे चुकायला नको."

तिला फार्सातलं काय कळतं.

२९ जाने.

तालमी सुरू, शाळेत, संध्याकाळी पाचला. पहिल्याच दिवशी धोंडिबाने कुत्र्याच्या प्रवेशात स्वतःचं काहीतरी घातलं. गोपाळ जमिनीवर लोळला. मी थांबवलं.

"भाऊ, या वेळी लिहिलंय तेवढंच बोलायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"का बरं?"

"नाटक असंच असतं."

त्याने मान हलवली. वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. रोज सकाळी दूध घालताना मी दहा ओळी म्हणून दाखवायच्या, त्याने पाठ करायच्या, असं ठरलं. माणसाची स्मरणशक्ती विलक्षण आहे, एकदा ऐकलं की बसतं.

१ फेब्रुवारी

फौ. साहेब तालमीला आले. ठाण्यातले दोन जुने पट्टे आणि खऱ्या पगड्या घेऊन. सोबत तो तेवीस वर्षं नोकरीवाला हवालदार. उंच, सुकलेला, अजिबात न हसणारा. साहेबांची सूचना, सलाम नीट झाला पाहिजे, चाल नीट झाली पाहिजे. आमच्या दोघा खोट्या हवालदारांना तो रोज अर्धा तास कवायत शिकवणार.

नको कसं म्हणायचं?

६ फेब्रु.

कवायत जोरात. गोपाळला वेड लागलंय. दुकानात गिऱ्हाईक आलं की टाचा जुळवतो. मापं घेताना 'सावधान' म्हणतो.

धोंडिबाची चाल पहिल्या भागात अशी होती की एक पाय पोलिसाचा, एक पाय बांधावरचा. नुसता आत आला तरी लोक हसायचे. आज सरळ चालत आला, वळला, सलाम ठोकला. हवालदार प्रथमच बोलला, "हा माणूस पोलिसात हवा होता."

टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मीही. घरी येईपर्यंत त्याची जुनी चाल आठवत होतो.

१० फेब्रु., रविवार

आज सकाळी धोंडिबा दूध मापता मापता म्हणत होता, "हे चतुष्पाद प्राण्या, तुझ्या अंतर्धानाने आम्ही व्याकुळ झालो आहोत." अक्षर न् अक्षर बरोबर. दवाखान्याच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "ह्यास्नी ताप हाय का?"

प्रयोग पुढच्या रविवारी दुपारी तीनला. लांबच्या लोकांना उजेड असेतो घरी पोचता यावं म्हणून दुपार. कामशेतपर्यंत दवंडी गेली आहे.

१७ फेब्रु., रविवार

झाला.

१८ फेब्रु.

काल लिहवलं नाही. आज लिहून टाकतो.

शाळेचं पटांगण भरलं होतं. कामशेतचे दुकानदार बैलगाड्या करून आलेले. औंढं तर निम्मं आलं होतं, धोंडिबासाठी. पडदा उघडायच्या आधीच लोक हसत होते, नुसत्या अपेक्षेने. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पडदा उघडला. दोघे हवालदार आले. एका ओळीत. सलाम. लोकांनी हसायला तोंडं उघडली, सवयीने. मग धोंडिबा बोलायला लागला. लोक पुढे झुकले. मग मागे टेकले.

पहिला प्रवेश, शांत. दुसरा, शांत. कुत्रा बंगल्याच्या माळ्याकडून आणला होता, तो स्टेजच्या मधोमध झोपला. त्याचं काम हरवण्याचं होतं. हवालदार त्याला ओलांडून ओलांडून शोधत होते. इथे तरी हसू यावं. धोंडिबा एकदा थांबला, कुत्र्याकडे बघितलं, त्याच्या ओठावर काहीतरी आलं. मला विंगेतून दिसलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलेलं वाक्य म्हटलं.

कोर्टाच्या देखाव्यात औंढ्याची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती. पटांगणभर ऐकू गेलं. "ह्ये कवा सुरू व्हनार गं?"

त्यावर हसले लोक. दुसऱ्यांदा हसले ते गोपाळची पगडी डोळ्यावर आली तेव्हा. पहिल्या रांगेतून फौ. साहेब ओरडले, "पगडी सावर!" गोपाळने सावरायच्या आधी त्यांना सलाम केला, पगडी खाली. बस. दोन हशे. एक म्हातारीचा, एक फौजदारांचा. माझा एकही नाही.

पश्चात्तापाचं भाषण सुरू केलं तेव्हा कामशेतच्या गाड्या जुंपल्या जात होत्या. घुंगरांचा आवाज येत होता. मी दीड पान गाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

फौ. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मागे तो हवालदार, डोळे पुसत होता. खरोखर.

धोंडिबा पट्टा सोडून माझ्या हातात देत म्हणाला, "तुमी म्हनला तसं बोललो. एक अक्षर सोडलं न्हाई."

तक्रार नव्हती त्यात. तीच असायला हवी होती.

१९ फेब्रु.

बाजारात कुणी अडवलं नाही. शेटजी म्हणाले, "पडदा छान होता." डॉक्टर म्हणाले, "कष्ट दिसत होते." पोस्टातल्या बाबूंनी थंडीचा विषय काढला.

सौ.ने संध्याकाळी गोड केलं. आजारी माणसाला करतात तसं.

२२ फेब्रु.

तीन दिवस दूध धोंडिबाची सून घेऊन येतेय. आज विचारलं, "भाऊ बरे आहेत ना?"

"बरं हायेत."

"मग येत का नाहीत?"

ती पदर सावरत उभी राहिली. मग म्हणाली, "बोलतच न्हाईत कुनाशी. पारावर सुदिक जात न्हाईत. म्हनत्यात, मी तोंड उगडलं की मानसं गप व्हत्यात."

आत आलो. मिक्स्चरमध्ये पाणीच घालायचं राहिलं. डॉक्टर दोनदा ओरडले.

२३ फेब्रु.

फौ. साहेब स्वतः दवाखान्यात. आनंदात. वडगावला पोलिसांचे खेळ आहेत, १० मार्चला, मोठे गोरे साहेब येणार. त्यांच्यापुढे 'हवालदारांची फत्ते' करायची! वहीची नक्कल वर पाठवून मंजुरीही आणली आहे.

"साहेब, लोकांना तितकंसं..."

"लोक हसले नाहीत, बरोबर. पोलिसांना हसले नाहीत! अहो, हेच तर पाहिजे होतं."

माणूस मनापासून खूश. माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. पेशंट म्हणाला, "लय वळख हाय तुमची." रडू की हसू.

२४ फेब्रु., रविवार

औंढ्याला चालत गेलो. खिशात साप्ताहिकाचा कागद.

धोंडिबा भाताच्या रोपांची जागा भाजायला खाचरात राब अंथरत होता. डहाळ्या, वर पालापाचोळा, वर शेण. मला बघून हात पुसले, "या" म्हणाला, पुन्हा कामाला लागला. मी बांधावर बसलो. 

कागद वाचून दाखवला. 'असा नट पुण्यातही विरळा.' त्याने विचारलं, "कवा आला ह्यो कागुद?"

"महिना झाला."

"आन तुमी?"

"खिशात ठेवला. त्यात माझं नाव नव्हतं म्हणून."

मग कडीचंही सांगितलं. तुमचं वाक्य लोक माझं समजतात, मी समजू देतो. डॉक्टर, पाहुणे, फौजदार, सगळे. बोलताना डहाळीची पानं तोडत होतो, त्याने डहाळी माझ्या हातातून काढून जागेवर ठेवली.

"त्येचं काय न्हाई. हसली ना मानसं? कुनाचं बी म्हना." मग शेणाची पाटी उपडी केली. "पर तुमी बोलनं लिवून दिलं ना, तवा मला वाटलं, माजं बोलनं चुकीचं व्हतं. शिकलेलं मानूस हाय, कंपाउंडर सुदारत्यात आपल्याला. म्हून नीट पाट केलं. आन मंग लोकं गप बसली. म्हंजी चुकीचं बी गेलं आन बरुबर बी आलं न्हाई."

मी म्हटलं, "चूक माझी होती. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"व्हय?"

"व्हय." माझ्या तोंडून तसंच निघालं. त्याने चमकून बघितलं. थोडा हसला असावा.

वडगावचं सांगितलं. "या वेळी तुम्हाला हवं ते बोला."

"आन वर धाडलेला कागुद? फौजदाराला बोल लागला तर?"

 धोंडिबा येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. सुनेने चहा आणला, गुळाचा. निघताना बांधापर्यंत आला.

२८ फेब्रु.

डॉक्टरांना सांगितलं, ते वाक्य धोंडिबाचं. ते म्हणाले, "असं? तरीच दुसऱ्यात नव्हतं." पुन्हा नाडी बघायला लागले. एवढंसं होतं. दोन महिने मणभर वाटत होतं.

३ मार्च

वही उघडून बसलो. माझं भाषण अडीच पानांवरून अडीच ओळींवर आणलं. सौ.ने मागून डोकावून पाहिलं. "अजून दोन ओळी जास्त आहेत." बरोबर होतं तिचं. काढल्या.

गोपाळ मात्र एक सलामही सोडायला तयार नाही.

८ मार्च

दूध आज धोंडिबाने घातलं. वडगावबद्दल चकार शब्द नाही, त्याचाही नाही, माझाही नाही. रांगेतल्या म्हातारीने विचारलं, "बरं हाय का भाऊ?" तो म्हणाला, "मी बरा हाय, म्हशीचं इचारा." म्हातारी हसली. बाटलीला चिठ्ठी चिकटवता चिकटवता मी ऐकत होतो, दोनदा उलटी चिकटवली.

काल फौ. साहेबांनाही आडून सांगून पाहिलं, ऐन वेळी एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. म्हणाले, "होऊ देऊ नका. माझ्या नावाने मंजुरी आहे." तो हवालदार शेजारीच उभा होता. वडगावला बायकोला घेऊन येणार आहे म्हणे.

आता कुणाचं काय व्हावं असं मला वाटतं, तेच कळत नाही.

१० मार्च, रविवार. स्टेशनवर

पेन्सिलीने लिहितोय. गाडीला वीस मिनिटं आहेत.

फौ. साहेब केव्हाचे आलेत, कडक इस्त्री. हवालदार आणि त्याची बायको बाकावर, दोघांच्या मध्ये डबा. गोपाळ घरूनच पगडी-पट्टा घालून आला. एका प्रवाशाने त्याच्याकडे ट्रंक हरवल्याची तक्रार केली. गोपाळने नाव-गाव सगळं विचारून घेतलं, पुढे काय करायचं ते न कळून सलाम केला. ट्रंक सापडली, प्रवासी तिच्यावरच बसला होता. हवालदाराची बायको पदराआड हसली. हवालदाराने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

धोंडिबाचा पत्ता नाही.

आला. रुळांच्या पलीकडून, धोतर वर खोचलेलं, खांद्यावर घोंगडी. एक पाय पोलिसाचा, एक बांधावरचा. फौ. साहेब पुढे झाले, "काय भाऊ, पाठ आहे ना सगळं?"

"व्हय साहेब. समदं पाट हाय."

 त्याने घोंगडी बाकावर ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. समोर बघत, हळूच, "त्यो गोरा सायेब. त्याला मराटी समजतं का?"

"थोडं थोडं."

"मंग थोडंच बोलतो."

मला ठसका लागला. साहेबांनी वळून विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. धोंडिबाला पुन्हा विचारलं, थोडं म्हणजे काय? आपल्या मनाचं कुठे बोलणार? मला निदान ती जागा सांगा. त्याने ऐकलं नसल्यासारखं केलं. हवालदाराच्या बायकोने डब्यातली चकली पुढे केली ती घेतली, तिला विचारलं, "कुटलं म्हनायचं गाव तुमचं?"

सिग्नल पडला. गोपाळ सावधान झाला.